कच्च्या टाक्याची फीत

हे लिहायचं मी सात वर्षं टाळलं. कधी डोळ्यांचं ऑपरेशन, कधी नातीच्या परीक्षा, कधी नुसताच कंटाळा, अशी कारणं सापडत गेली. खरं कारण एकच. केळशीकरांबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दलही खरं लिहावं लागणार.

केळशीकर जुईनगरला आमच्या समोरच्या दारात राहायचे. त्यांना कुठलाही फोटो दाखवा, ते माणसाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. आमच्या लग्नाचा अल्बम त्यांनी भिंग लावून अर्धा तास पाहिला आणि म्हणाले, "बँडमधला तो क्लॅरिनेटवाला आहे ना, त्याच्या अंगातला कोट तोफखान्याचा आहे. बटणं बघा." नवरीकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. नवरी तेव्हा स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी दुसरा चहा टाकत होती. तो चहा बाहेर आला नाही.

"चेहरा नंतर, आधी खांदा," असं ते शिकवल्यासारखं सांगत.

ते स्वतः फौजेत कधीच नव्हते. महाप्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाले. पण पिवळ्या पडलेल्या फोटोत लष्करी गाडीचं नुसतं मडगार्ड दिसलं तरी ती कुठली, कशाची, ते सांगत. जीप असली की फोटो आणणाऱ्यालाच समोरच्या जाळीतल्या फटी मोजायला लावत. "नऊ फटी म्हणजे महायुद्धातली. सात म्हणजे नंतरची. तुमचे आजोबा बर्माच्या लढाईत, आणि टेकलेत सात फटींना? हा फोटो लढाई संपल्यावरचा, काका!"

आमच्या वॉचमनलाही त्यांनी सोडलं नाही. एजन्सीनं त्याला नवा गणवेश दिला, त्याच्या खांद्यावर तीन तारे होते.

"अरे, तुझ्या खांद्यावर कॅप्टन बसलाय!"

"एजन्सीनं दिलाय साहेब, आमी काय करनार? सलाम मारू का गेट उघडू?"

"तू नको मारूस. नियमानं मीच मारायला हवा," म्हणत केळशीकरांनी पिशवीतली मेथी डाव्या हातात घेऊन खरोखर सलाम ठोकला. पुढं कित्येक महिने ते वॉचमनला कॅप्टनच म्हणत.

रविवारी सकाळी त्यांच्या दारात चपलांचा ढीग असायचा. कुणी महाडचा, कुणी चिपळूणचा, कुणी आमच्या साताऱ्याकडचा. प्रत्येकाच्या हातात आजोबांचा नाहीतर चुलत्यांचा फोटो. केळशीकर भिंगातून बघत आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं पलटण, हुद्दा, गाडी लिहून देत. निघताना प्रत्येकाला विचारत, "घरात आणखी एखादा ग्रुप फोटो आहे का? ड्रायव्हर लोकांचा?" त्यांच्या या हावरेपणावर आम्ही हसायचो.

मी ज्या गावचा, तिथं घरटी एक फौजी. माझे वडील मी पाच वर्षांचा असताना गेले. हॉलमध्ये त्यांचा फोटो होता. अंगावर गणवेश, बाहीवर तीन फिती, मागे ट्रक. सोसायटीत मी स्वतःची ओळख करून द्यायचो तीच मुळी "हवालदार कदमांचा मुलगा" अशी.

एका वर्षी सव्वीस जानेवारीला सोसायटीत जुन्या फौजी फोटोंचा बोर्ड लावायचं ठरलं. मी ऐटीत वडिलांचा फोटो घेऊन केळशीकरांकडे गेलो. त्यांनी बराच वेळ पाहिला. मग उठून दार लोटून घेतलं.

"कदमराव, रागावू नका. ही फीत कच्च्या टाक्यावर आहे. धावदोरा दिसतोय बघा. बाह्या बोटांपर्यंत आल्यात. आणि खिशाच्या झाकणाला दोरा ओवलेली सुई टोचलीय. कोट दुसऱ्याचा आहे. तुमचे वडील पलटणीचे शिंपी असावेत. फीत लावायला आलेला कोट गमतीनं घातला असेल." आणि मग एकदम खुलून म्हणाले, "अहो, अख्ख्या पलटणीचे खांदे या माणसाच्या हाताखालून गेले असतील!"

ते खरंच आनंदले होते. मी फोटो हिसकावून घरी आलो आणि गावी आत्याला फोन लावला.

"शिंपीच व्हता की दादा," आत्या म्हणाली. "त्यात लाजायचं काय?"

म्हणजे मला कळलं होतं. कळल्यावर मी पुढचं केलं.

तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोर्डाचा विषय निघाला तेव्हा मी उभा राहिलो. म्हणालो, "केळशीकरांना त्यातलं काही कळत नाही. माझ्या वडिलांच्या तीन फिती त्यांना दिसल्या नाहीत. सगळं अंदाजपंचे ठोकतात." फौजींच्या गावचा माणूस बोलतोय म्हटल्यावर लोकांनी माना डोलावल्या. केळशीकर दुसऱ्या रांगेत बसले होते. एका वाक्यात ते मला उघडं पाडू शकले असते. माझ्याकडे पाहून ते हळूच म्हणाले, "वय झालं. नजर चुकते कधी कधी."

वडील हवालदार म्हणून बोर्डावर लागले. रविवारच्या चपला मात्र कमी होत होत बंद झाल्या. दोन वर्षांनी केळशीकर पतिपत्नी उलव्याला मुलीकडे राहायला गेले.

ते आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी गेलो. ते झोपले होते. वहिनी माझ्याशी हळू आवाजात बोलत बसल्या.

"तिकडे असताना लोक फोटो घेऊन यायचे, तेवढीच आशा होती बघा. यांच्या जन्माआधीच सासरे फौजेत ट्रकवर गेले, ते आलेच नाहीत. घरात एक फोटो नाही. पलटण कुठली एवढंच ठाऊक. कुणाच्या तरी ग्रुप फोटोत बाबा उभे असतील, म्हणायचे. मग लोक यायचेच थांबले. का, कोण जाणे."

मी पाणी मागितलं.

तेवढ्यात केळशीकर जागे झाले. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. माझा हात धरून म्हणाले, "बरं झालं आलात. कदमराव, चुकलं माझं तेव्हा. कुणाच्या वडिलांबद्दल असं तोंडावर बोलतात का? मनात ठेवू नका."

मी घरून वाक्य तयार करून नेलं होतं. बसमध्ये दहा वेळा म्हणून पाहिलं होतं. वहिनी समोर उभ्या होत्या.

"जाऊ द्या हो केळशीकर," मी म्हणालो, "मी कधीच विसरलो ते."

त्यांना फार बरं वाटलं. उशाला टेकून त्यांनी माझ्याबरोबर अर्धा कप चहा घेतला.

पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. मी माफी मागायला गेलो होतो, आणि त्यांना माफ करून परत आलो होतो.