खरखर नापास

"एका फेरीत यंत्र पास नाही झालं, तर मिशा उतरवीन!" जावयाने छाती ठोकून सांगितलं. त्याला मुळात मिशाच नव्हत्या, म्हणून मेहुण्याने फारसं मनावर घेतलं नाही.

घरामागच्या खोलीत दोघांनी मिळून दमेकऱ्यांना औषधाची वाफ देणारं यंत्र बनवलं होतं. कारण घरातच होतं. सासऱ्यांना दमा. दोनदा त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं, आणि दोन्ही वेळा वाफ चुकवल्यामुळेच! पहिलं यंत्र त्यांच्याच खोलीत लावलं; ते आवाज न करता चालायचं, पण एक खोट होती. ते सुरू झालं की स्वयंपाकघरातला सासूबाईंचा रेडिओ खरखरायचा. बिचाऱ्या तशीच खरखर ऐकत भाजी निवडत बसायच्या. जावयाला त्यांची फार दया यायची.

त्याच बनावटीचं दुसरं यंत्र विक्रीआधीच्या चाचणीला गेलं.

"नापास," तपासनीस बाई म्हणाल्या. "शेजारच्या उपकरणांत ढवळाढवळ करतंय."

"माझ्यावर सोड!" जावई मेहुण्याला म्हणाला आणि खरखर जिरवणारे कपॅसिटर त्याने सढळ हाताने जोडले. खरखर गेली, पण यंत्राच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या यायला लागल्या. सुरक्षेचं खातं मेहुण्याचं. त्याने गुपचूप निम्मे कपॅसिटर उपटले. मुंग्या गेल्या, खरखर परत आली. जावयाने पुन्हा गुपचूप जोडले. एकाने वाढायचं आणि दुसऱ्याने ताट ओढायचं, असा आठवडाभर कारभार!

दुसऱ्या फेरीत बाईंनी झाकण उघडलं. आत कथलाच्या डागावर डाग दिलेले.

"हे कितीजणांनी बनवलंय?"

"दोघांनी."

"तुमची एकमेकांशी ओळख आहे?"

"हे माझे भाऊजी," मेहुणा म्हणाला.

"मग बरोबर आहे," म्हणत बाईंनी झाकण लावलं.

मान खाली घालून दोघे घरी आले आणि पहिल्यांदाच एका टेबलाशी बसले. मोजके कपॅसिटर, तारेचं एक जाड वेटोळं, आतून पत्र्याचं अस्तर. तिसऱ्या फेरीत यंत्र खरखरीची आणि सुरक्षेची, दोन्ही परीक्षा पास झालं! जावयाने त्याच संध्याकाळी घरातलं जुनं यंत्र माळ्यावर टाकून नवं लावलं.

रेडिओ कसा स्वच्छ लागला! जावई शाबासकीची वाट बघत उभा राहिला. सासूबाई मात्र भाजी टाकून आतल्या खोलीत धावल्या. परत आल्या, बसल्या, पुन्हा धावल्या.

"काय झालं, आई?"

"आता मला कळायचं कसं, जावईबापू?" त्यांचे डोळे भरून आले. "पाठ फिरली की हे बटण बंद करतात. खरखर थांबली की मी इथूनच ओरडायचे. माझा सगळा जीव त्या खरखरीत असतो हो!"

जावयाने आत जाऊन पाहिलं. सासऱ्यांनी यंत्र बंद करून मास्क उशीखाली सारला होता. चांगलीच धाप लागली होती, तरी चेहरा अगदी साळसूद! जावयाने माळ्यावरून नापास यंत्र काढलं आणि जोडलं. रेडिओ खरखरला. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि भाजी पुढे ओढली.

"हे जुनं पुन्हा कशाला?" सासऱ्यांनी विचारलं.

जावई पडला भोळा सांब! त्याने सगळं सांगून टाकलं.

"अस्सं! म्हणजे हिला भिंतीआडचं दिसत नाही तर!" सासऱ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "आणि मी इतके दिवस उगाच भीत होतो!"

आणि स्वयंपाकघरात रेडिओ एकदम स्वच्छ वाजू लागला.