बापूंचा वाढपी

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. बापूंच्या कामाला सगळ्यांदेखत खोटं पाडलं, ते मी. पंचवीसेक वर्षं झाली. पण मी काय केलं ते कळायला आधी बापू कळायला हवेत.

बापू कांबळे लग्नाला गेले की नवरा-नवरीकडं बघायचे नाहीत. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताटं मोजत चालायचे आणि यजमानाला गाठून सांगायचे, "खांबामागं दोघं बसल्यात, तिकडं भात गेला न्हाई." मुलाकडच्यांना वाटायचं हे मुलीकडचे कुणी वडीलधारे, मुलीकडच्यांना वाटायचं मुलाकडचे. भात मात्र लगेच जायचा.

नोकरी शिरोली एमआयडीसीत, एका फौंड्रीत. ओतीव लोखंडावर लहानशी हातोडी मारायची आणि कान द्यायचा. आत चीर असली की आवाज बदलतो. चाळिशी उलटल्यावर त्यांनी माझ्या कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं, आणि त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या मला सर म्हणू लागले. पहिला प्रोग्राम चालला तेव्हा ते पडद्याशी कान नेऊन बसले होते. म्हणाले, "सर, ह्याला वाजवून बघता येत न्हाई व्हय?"

तिथून सुरुवात झाली. आम्ही पाचसहाजण तेव्हा मराठी टायपिंगचं एक फुकट सॉफ्टवेअर लिहीत होतो. आतला कोड सगळ्यांना खुला. कुणीही वाचावा, सुधारावा, मेलवरच्या यादीत, म्हणजे सगळ्यांना एकदम जाणाऱ्या निरोपांत, कळवावं. बापूंनी त्याच्यासाठी दुसराच प्रोग्राम लिहिला. तो आमचा कोड न चालवता नुसता वाचायचा आणि चुका दाखवायचा. नाव ठेवलं 'वाढपी'.

वाढप्याची भाषा बापूंचीच. मेमरीत एखादी जागा राखून वापरलीच नाही, की तो लिहायचा, 'पावणा उपाशी हाय.' काम झाल्यावर मेमरी मोकळी केली नाही, तर 'भांडी घासायची ऱ्हायली.' मावेल त्याच्यापेक्षा जास्त मजकूर कुठं कोंबला जात असेल, तर 'ताटाभाईर वाढतायसा.' सगळं ठीक असलं की तपासलेल्या फायलींचा आकडा आणि पुढं, 'एवढी ताटं. समदी जेवली.' एका जर्मन माणसानं यादीवर विचारलं, हे उपाशी म्हणजे काय? बापूंनी मोडक्या इंग्रजीत उत्तर धाडलं, पाहुणा भुकेला आहे, वाढा नाहीतर घरी पाठवा. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं, पाहुणा घरी गेला. बापू त्या उत्तराचा छापलेला कागद खिशात घालून महिनाभर फौंड्रीत हिंडत होते.

रविवारी दुपारी मी त्यांच्या खोलीवर जायचो. एकटेच राहायचे. पंखा संथ फिरायचा, खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर चढायचं, आणि पडद्यावर ओळी हळूहळू वर जात राहायच्या. बापू अर्धवट मिटल्या डोळ्यांनी बघत बसायचे. जणू लांबवर कुठंतरी पानं मांडली जातायत आणि वाऱ्यावर भाताचा वास येतोय. तसं स्वस्थ मला पुढं कुठंच वाटलं नाही.

नवी आवृत्ती बाहेर काढायच्या दिवशी शेवटची तपासणी माझ्या मशीनवर होती. माझ्याच फायलीवर वाढपी अडला, 'ताटाभाईर वाढतायसा.' दुरुस्तीला दोन दिवस लागले असते, आणि बायकोला सकाळीच दवाखान्यात नेलं होतं. मी ती फाईल तपासायच्या फायलींतून वगळली आणि पुन्हा चालवलं. समदी जेवली. तो निकाल जसाच्या तसा यादीवर टाकला आणि दवाखाना गाठला. मुलगी झाली.

पंधरवड्यात तक्रार आली. एका मास्तरांनी टाईप केलेली शाळेची स्मरणिका अर्धी नाहीशी झाली होती. चूक माझ्या त्याच फायलीत. मग यादीवर पेटलं. ज्या हत्याराला एवढी चूक दिसत नाही ते कशाला हवं, हे काय लग्नघर आहे का, असं एकानं लिहिलं. बाकीच्यांनी री ओढली. मी लिहायला बसलो, दोनदा बसलो, आणि उठलो. बापूंनी एका ओळीत विषय मिटवला, 'चूक वाढप्याची. काढून टाका.' काढला.

त्या रविवारी मी बारशाचे पेढे घेऊन गेलो. बापूंनी मुलीचं नाव विचारलं, पेढा खाल्ला. मग खिडकीकडं बघत म्हणाले, "त्या दिवशी एक ताट कमी होतं सर. म्या मोजलंतं."

मी पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत बसलो.

"घाई आसंल. बाळंतपण हुतं घरात." ते पुढं सांगू लागले. "म्या सात वर्साचा आसंन. मुरगुडात एका लग्नात आमच्या लोकांची पंगत भाईर, शेवटाला बसवल्याली. वाढपी आलाच न्हाई. आत सांगत हुते, समदी जेवली." त्यांनी पेढ्याचा पुडा माझ्याकडं सरकवला. "घ्या की तुमीबी."

त्यानंतर त्यांनी कोडला हात लावला नाही. आता सत्तरी ओलांडली आहे. भेटले की मुलीची चौकशी करतात.

ती यादी अजून चालू आहे, जुने निरोप कुणालाही वाचता येतात. बापूंच्या त्या ओळीखाली मी एक वाक्य लिहायला हवं होतं. वाढप्यानं चूक दाखवली होती, ती फाईल मी पंगतीतून उठवली. ते मी अजून लिहिलेलं नाही.