ध्वनी : हरणाबाई

वर्गातल्या पडद्यावर 'मागचं दार' या चित्रपटाची पहिली दीड मिनिटं संपली, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्यानं मोजलं, "सहा." कथा वीरधवल, कॅमेरा वीरधवल, संकलन वीरधवल. सहा जागा, आणि नामावलीत दुसरं नावच नव्हतं. दाराच्या कडीकडे सरकणारा हात बघून घाबरायचं होतं, तिथं अख्खा वर्ग हसत होता.

मयूरी मॅडम हसल्या नाहीत. "वीरधवल, हे संगीत नेटवरचं आहे. आज तिसऱ्यांदा ऐकलं मी. स्वतःचा आवाज शोध. आणि नावं बदल. गटाचं काम आहे ना हे? बाकीची मुलं कुठंयत?"

"आहेत, मॅडम," वीरधवल म्हणाला.

नव्हती. पाच-पाचांचे सहा गट पडले आणि तो एकतिसावा उरला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. पाटणच्या वरच्या अंगाच्या गावातून सांगलीला येऊन त्याला पाच महिने झाले होते. खाणावळीच्या माडीवर खोली, जेवण खाली. दिवसभरात त्याच्या तोंडून एकच शब्द निघायचा : वाढणाऱ्या हरणाबाईंना "पुरे." आईचा फोन आला की मात्र तो मित्रांविषयी भरभरून बोलायचा. त्यासाठी त्यानं वर्गाच्या हजेरीतली नावं पाठ केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आवाज शोधत खोलीत बसला. खालून काहीतरी वाजत होतं. थप. थप. मग काहीच नाही. आणि श्वास सोडावा तोच, थप. त्यानं फोन फरशीवर ठेवून ते टिपलं आणि बंद दाराच्या चित्राखाली बसवलं. बघताना त्याची त्यालाच पाठ भिंतीला टेकवावीशी वाटली. खाली भाकरी थापतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं प्रामाणिकपणे नाव बदललं : 'ध्वनी : हरणाबाई'. दार खाणावळीचंच होतं, म्हणून 'कला'पुढं खाणावळीचे मालक, हरणाबाईंचे यजमान आकाराम यांचं नाव घातलं.

शुक्रवारी वर्गात कुणी हसलं नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीनं तर ओढणी तोंडाशी धरली.

"मधला तो थांबा," मॅडम म्हणाल्या, "तो कुणाला सुचला? ही हरणाबाई कुठल्या तुकडीत आहे? सोमवारी बाहेरचे परीक्षक येतायत. गटाला घेऊन ये."

त्या संध्याकाळी वीरधवल ताट पुढ्यात घेऊन बसला. मग म्हणाला, "हरणाबाई, एक काम होतं."

हरणाबाईंच्या हातातला डाव थांबला. "तुला बोलाय येतंय व्हय रं? आमी आपलं समजत हुतो, लेकराला देवानं 'पुरे' एवढंच दिलंय."

त्यानं सोमवारचं सांगितलं आणि फोन पुढं केला. जेवणारे चार-पाच जण भोवती जमले. हरणाबाईंनी चित्र शेवटपर्यंत पाहिलं आणि फोन परत दिला.

"ही मी न्हाई. माझी भाकरी भरभर वाजती. ही सकाळच्या पाळीची साळूबाई हाय. तिचा खांदा धरलाय, म्हणून मधी थांबती."

घरच्यासाठी भाकरी न्यायला येऊन चुलीपाशी बसलेली साळूबाई पदर सावरून पुढं आली. "माझं नाव लावलंय?"

"माझं लावलंय," हरणाबाई म्हणाल्या. "लावलंय तर ऱ्हाऊ दे. पर हिचं बी घाल."

साळूबाईचं घातलं. मग पीठ दळून आणणाऱ्याचं नाव निघालं, मग जेवणाऱ्यांपैकी दोघांचं. "नुसतं शेजारी बसलो तर न्हाई चालत व्हय?" असं त्यांनी विचारलं आणि वीरधवलला नाही म्हणता आलं नाही. नामावली दीड मिनिटातच बसवायची होती. दर नव्या नावाला जागा करायला तो आपलं एक नाव काढत गेला. काढताना त्याला वाईट वाटलं नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या ताटाभोवती इतकी माणसं बसली होती.

सोमवारी सगळे आले. आकारामांनी इस्त्रीची टोपी घातली होती. हरणाबाई नि साळूबाई पुढच्या बाकावर बसल्या. कऱ्हाडहून आलेल्या परीक्षकांनी 'मागचं दार' दोनदा पाहिलं.

"तो थांबा विलक्षण आहे," ते म्हणाले. "त्यामागचा विचार काय होता?"

"खांदा धरलाय, सायेब," साळूबाई म्हणाली.

परीक्षकांनी मान डोलावली. हातातल्या कागदावर एकेक नाव वाचत त्यांनी एकेकाला उभं केलं, प्रश्न विचारले, खुणा केल्या. हरणाबाई तर बोलत सुटल्या, भाकरी फुगणार का नाही ते कानाला आधी कळतं म्हणून. यादी संपली. लॅपटॉपपाशी वायर धरून वीरधवल तेवढा उरला.

"आणि हा कोण?" परीक्षकांनी चष्मा वर केला. "याचं नाव दिसत नाही कुठं."

मयूरी मॅडम पडद्याकडे बघायला वळल्या. वीरधवलनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी हरणाबाई बोलल्या.

"ह्यो व्हय? ह्यो जेवाय असतोय आमच्याकडं."

खोटं काहीच नव्हतं, म्हणून वीरधवलनंही होकारार्थी मान हलवली. परीक्षकांनी ते लिहून घेतलं.