व्यसनमुक्ती चिंतन समितीचा शंभरावा दिवस

माणसाला स्वतःचे व्यसन सोडणे कठीण जाते; दुसऱ्याचे सोडवणे मात्र त्याला जन्मतःच येते. या सत्याच्या भक्कम पायावर गोव्यातल्या धारगळ गावच्या आमच्या वाड्यावर 'दैनिक बुद्धचिंतन व व्यसनमुक्ती समिती' स्थापन झाली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस (मी, दत्तप्रसाद) धरून अकरा पदे भरली. मग कोणाच्या तरी लक्षात आले, की एक व्यसनी मनुष्यही लागेल. ती जागा कृष्णनाथला मिळाली. बिनविरोध.

कृष्णनाथ पात्र होताच. वीस वर्षे त्याने डिचोलीला खनिजाचा ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक घराच्या दारात उभा राहिला आणि कृष्णनाथ बारच्या. पुढे तुयेच्या कारखान्यात रखवालदाराची नोकरी लागली, पण बार सुटला नाही. एके दिवशी सात वर्षांच्या नातीला, समीक्षाला, शाळेतून आणताना त्याची स्कूटर गटारात गेली. पोरीला खरचटले एवढेच, पण त्याची लेक गौरवी म्हणाली, "बाबा, शंभर दीस एक थेंब घेव नुको. मगीर समीक्षाक तुमच्या फाटी बसयतंय. त्येच्या आदी नाय." तेव्हापासून पोर रिक्षाने शाळेत जाऊ लागली आणि कृष्णनाथ रोज सकाळी स्कूटरची मागची सीट पुसू लागला. समितीत तो स्वतःच्या पायाने चालत आला, हे नमूद केले पाहिजे.

समितीची पद्धत साधी. सकाळी साडेसहाला वाचनालयाच्या ओसरीवर निवृत्त शिक्षिका कमलाक्षीबाई बुद्धाचे एक वचन वाचणार, अर्थ सांगणार, आणि मग पाच मिनिटे सर्वांनी डोळे मिटून आपापला श्वास पाहायचा. इच्छा उठली तर तिच्याशी भांडायचे नाही, तिचे लाडही करायचे नाहीत. ती येते आणि जाते, एवढे बघत राहायचे. अध्यक्ष बाबुरावांनी पहिल्याच दिवशी विचारले, "नारळ किती लागतले?" बाई म्हणाल्या, "एकूय नाय." समितीत अस्वस्थता पसरली. बिननारळाच्या उपायावर विसंबायचे तरी कसे?

बाबुराव वाड्याच्या राखणदारासमोर, म्हणजे वडाखालच्या रक्षक देवासमोर, गाऱ्हाणेही घालतात. त्यांनी खबरदारी म्हणून परस्पर आंगवण केली, म्हणजे नवस बोलले: कृष्णनाथाने शंभर दिवस दारू सोडली, तर वडाखालच्या राखणदाराला एक रोट, विड्या आणि काजूच्या फेणीची आख्खी बाटली. (ठराव क्रमांक दोन, मागाहून एकमताने मंजूर. यात काही विसंगत आहे असे कोणाला वाटल्याची नोंद नाही.)

आता आकडेवारी. सरासरी उपस्थिती बारा. चहा आणि पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, गरम उंडे पाव सुरू झाल्यावर एकोणीस. पैकी दारू सोडणारा एक. डोळे मिटणारे दोन, बाई आणि कृष्णनाथ. उरलेले सतरा जणही श्वासाकडेच लक्ष देत, पण कृष्णनाथाच्या. वास येतो का, हे तपासायला त्याच्या शेजारची जागा पाळीने वाटून दिली होती. समितीतला प्रशांत तर पाळी नसतानाही तिथे बसे. त्याच्या स्वतःच्या तोंडाला गुटख्याचा वास असल्याने त्याचे अहवाल ग्राह्य धरता आले नाहीत.

एकेचाळिसाव्या दिवशी कृष्णनाथ बसल्या जागी घामाघूम झाला. "काय दिसता?" बाईंनी विचारले. "बारचा दार," तो म्हणाला, "उघडा." "बघत रव," बाई म्हणाल्या. उंडे निवेपर्यंत तो तसाच बसून राहिला. मला त्याचे मनापासून कौतुक वाटले, पण इतिवृत्तात त्यासाठी रकाना नव्हता.

शंभरावा दिवस बुधवारी आला. सकाळी सातला सगळा वाडा वडाखाली जमला. गौरवी समीक्षाला गणवेशात घेऊन आली होती. बाबुरावांनी गाऱ्हाणे घातले, बाटली उघडली, राखणदाराला वाहिली आणि भरलेला पेला कृष्णनाथापुढे धरला. "ज्येच्या नावान आंगवण, तेणा पयलो घोट घेवचो. रीतच ती."

जागेवरच तातडीची सभा झाली. प्रसाद नाकारला तर राखणदाराचा कोप. घेतला तर शंभर दिवस पाण्यात. सखोल चर्चेअंती 'प्रसाद म्हणजे दारू नव्हे' असा ठराव बहुमताने मंजूर झाला. विरोधात एकट्या कमलाक्षीबाई. (त्यांना मताधिकार नव्हता.)  गौरवीने पोरीचा हात घट्ट धरला.

कृष्णनाथाने पेला घेतला, मातीत बसकण मारली, पेला समोर ठेवला आणि डोळे मिटले. पाच मिनिटे केवढी मोठी असतात हे समितीला शंभर दिवसांत प्रथमच कळले. दोघांनी मोबाइल काढले. प्रशांतने पुडी फोडली. बाबुराव पेल्यात माशी पडू नये म्हणून हात हलवत राहिले.

शेवटी त्याने डोळे उघडले. "इली, बसली, गेली," तो म्हणाला, आणि राखणदाराच्या दगडापाशी पेला ओतला. "देवाचा देवाक." यावर घ्यायला बाबुरावांना सगळ्या रीतीत एकही हरकत सापडली नाही. गौरवीने समीक्षाला उचलून स्कूटरवर मागे बसवले. स्कूटर इतकी जपून निघाली की पोदेराची सायकल तिच्या पुढे गेली. मला भरून आले, हे चिटणीसपद बाजूला ठेवून सांगतो.

उरलेली बाटली समितीने प्रसाद म्हणून संपवली. (मी दोनदा घेतला. पहिल्यांदा घाईत चव कळली नव्हती.)

मात्र त्यानंतर समितीपुढे गंभीर पेच उभा राहिला. अकरा पदाधिकारी आहेत, चहा आहे, उंडे आहेत; लक्ष ठेवायला माणूस नाही. म्हणून नावे मागवली. आठवड्यात त्रेपन्न चिठ्ठ्या आल्या. दारू, मटका, गुटखा, मोबाइल, सगळे होते. फक्त लिहिणाऱ्याने स्वतःचे नाव दिले आहे अशी एकही चिठ्ठी नव्हती. तेव्हा ही जागा आता बाहेरच्यांसाठीही खुली करत आहोत. हे वाचता वाचता तुमच्याही मनात कोणाचे तरी नाव आलेच असेल. ते जरूर कळवावे. त्या गृहस्थांनी तुमचे नाव कालच पाठवले आहे.