आफ्केबाईंची मागची खोली

दुआर्तेने बेल दाबली तेव्हा त्याच्या डोक्यात यागनाचे तीन सल्ले घोळत होते. हसत राहा, भांडी घास आणि प्रश्न विचारू नकोस. यागना त्याच्या वर्गातली, पोलंडची. हॉलंडमधल्या या लायडन गावात सात घरांनी तिला नाकारलं होतं आणि आठव्याने घेतलं होतं, त्यामुळे या विषयात तिच्या शब्दाला वजन होतं.

"इथं खोली मिळत नसते, आपण खोलीला मिळावं लागतं," तिने बजावलं होतं. "घरातली पोरं एका संध्याकाळी दहाबारा उमेदवार बोलावतात, गोल बसवतात आणि पारखतात. मग मत टाकतात. तू फक्त गोड दिस."

थोडक्यात, कांदेपोह्यांचा कार्यक्रम. आणि दुआर्तेला या वेळी पसंत पडणं भागच होतं. पोर्तुगालहून पुरातत्त्व शिकायला आल्यापासून तो गावाबाहेरच्या कॅम्पिंगवर तंबूत राहत होता. जमिनीत गाडलेल्या गोष्टींचा अभ्यास करणाऱ्याने जमिनीवर झोपावं यात तसं वावगं काही नाही, पण सोमवारपासून ते कॅम्पिंग हिवाळ्यासाठी बंद होणार होतं. तोवर खोली मिळाली नाही तर गाशा गुंडाळून, आणि इथे तो खरोखरच गुंडाळायचा होता, आपल्या गावी, आवैरूला परत. तिथे चुलतकाकांच्या फरशीच्या दुकानात त्याची जागा वडिलांनी आधीच बोलून ठेवलेली होती. वडिलांचा मुलाच्या अपयशावर फार विश्वास होता.

पत्ता होता "चोवीस, वरचं घर". चोवीस नंबरला दोन दारं होती, एकमेकांना चिकटून, दोन्ही हिरवी. एक तळमजल्याचं आणि दुसरं वर जाणाऱ्या जिन्याचं. कुठलं कशाचं, हे दारावर लिहिलेलं नव्हतं. डाव्या दाराला फुगे बांधले होते आणि आतून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. जिथे गोंगाट तिथे विद्यार्थी, असा हिशेब करून त्याने डावी बेल दाबली. हिशेब साफ चुकला.

डाव्या दारामागे आफ्केबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस चालू होता. आणि घरातली सगळी माणसं हानेकेच्या मित्राची वाट बघत होती. हानेके म्हणजे आफ्केबाईंची मुलगी, वय एक्कावन्न, घटस्फोटानंतर आईकडेच राहणारी. तिला हल्ली कुणीतरी भेटला होता आणि त्याने इथेच राहायला यावं असं तिच्या मनात होतं. आफ्केबाई म्हणाल्या होत्या, आधी वाढदिवसाला येऊ दे, चार माणसांना बघू दे, मग सुरुवातीला राहील मागच्या खोलीत. हानेकेने त्याचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं, कारण नाव कळलं की मावशी चौकशा सुरू करते. तो परस्पर येणार होता. हानेके स्वतः कामावरून येत होती आणि तिची गाडी वाटेत कुठेतरी अडकून पडली होती.

दार मावशीनेच उघडलं. रीन्के मावशी. तिने दुआर्तेला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि त्याचे दोन्ही हात धरून म्हणाली, "अभिनंदन."

दुआर्ते गोंधळला. निकाल दोनेक दिवसांनी कळतो असं यागना म्हणाली होती. इथे कोटही उतरवला नव्हता. आत गेला तर खरंच गोल मांडलेल्या खुर्च्या. प्रत्येक जण उठून त्याचा हात हातात घेत होता आणि म्हणत होता, अभिनंदन, अभिनंदन. मागून शेजारीण आली, तर तिचंही अभिनंदन झालं. तिने उलट मावशीचं केलं. त्या देशात वाढदिवस एकाचा असतो आणि अभिनंदन सगळ्या गोतावळ्याचं करतात, ही गोष्ट डच भाषेच्या वर्गात पुढच्या महिन्यात शिकवणार होते.

दुसरा गोंधळ वयाचा होता. खोलीतला सगळ्यात तरुण माणूस साठीचा असावा. डच लोक शिक्षण निवांत घेतात असं दुआर्तेने ऐकलं होतं, पण इतकं निवांत घेत असतील याची कल्पना नव्हती. कोपऱ्यात पीर काका बसले होते, आफ्केबाईंचे दीर. ऐंशी वर्षांचे, ठार बहिरे, मांडीवर चीजच्या तुकड्यांची बशी. ते कुणाशीच बोलत नव्हते आणि फक्त खात होते. हा नक्की दुसरा उमेदवार, दुआर्तेने ओळखलं. त्याला काकांची दया आली आणि थोडी भीतीही वाटली, कारण काका फार आत्मविश्वासाने खात होते.

"वय काय असेल गं ह्याचं?" मावशी बहिणीच्या कानाशी लागली.

"असेल बावीस-तेवीस."

"आणि आपली हानेके?"

"आपण मोकळ्या मनाची माणसं आहोत, रीन्के."

"आहोतच. पण आज जरा जास्तच वारा येतोय."

हे सगळं भराभर डचमध्ये झाल्यामुळे दुआर्तेला काही कळलं नाही. तो ठरल्याप्रमाणे हसत राहिला. आफ्केबाईंनी त्याच्यासमोर सफरचंदाचा केक ठेवला आणि खुर्ची पुढे ओढून सावकाश, सोप्या डचमध्ये सुरुवात केली.

"काय करतोस तू?"

"शिकतो. पुरातत्त्व."

"म्हणजे जुन्यापान्याची आवड आहे," मावशी म्हणाली.

"फार," दुआर्ते मनापासून म्हणाला. "जितकं जुनं तितकं मला जास्त आवडतं."

मावशीचा घास घशात अडकला. शेजारणीने तिच्या पाठीवर थापट्या मारल्या.

"आणि इथे किती दिवसांचा विचार आहे?" आफ्केबाईंनी विचारलं.

"आधी जूनपर्यंत बघू. सगळ्यांना पटलं तर पुढे."

पीर काका तेवढे चघळत राहिले. मग आफ्केबाईंनी मान हलवली. "निदान स्पष्ट तरी बोलतोस. पहिल्या जावयाने जन्मभराच्या शपथा घेतल्या होत्या. ह्याआधी कुणाबरोबर राहत होतास?"

पहिला जावई यात कुठून आला, हे दुआर्तेला विचारायचं होतं. पण प्रश्न विचारायचे नव्हते. "एकटाच होतो," तो म्हणाला. "तंबूत."

"आणि त्याआधी?"

"आईजवळ."

"बरोबर आहे," मावशी छताकडे बघत म्हणाली. "वयच काय लेकराचं."

आपण हरत चाललोय असं दुआर्तेला वाटायला लागलं. अभिनंदन झालं होतं खरं, पण सगळ्यांचे चेहरे मयताला आल्यासारखे दिसत होते. त्यात पीर काकांनी दुसरी बशी मागवली. तेव्हा त्याने यागनाचं उरलेलं अस्त्र काढलं. उठला, सगळ्यांच्या कपबश्या गोळा केल्या आणि बाह्या सरसावून स्वयंपाकघरात शिरला. कप विसळले, चमचे घासले, ओटा पुसला आणि मोरीच्या जाळीत अडकलेलं काय काय होतं तेही बोटाने काढलं. आफ्केबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या हे त्याला बराच वेळ कळलंच नाही.

"बावीस वर्षं तो जावई ह्या घरात येत होता," त्या हळूच म्हणाल्या. "एक कप उचलून आत आणला नाही."

"मी रोज करीन," दुआर्ते म्हणाला. आणि आता नाही तर कधीच नाही, असा धीर करून त्याने विचारलं, "खोली बघू?"

खोली मागे होती, बागेच्या बाजूला. एक अरुंद पलंग, एक टेबल, खिडकीबाहेर पेरूसारखं दिसणारं पण पेरचं झाड. दुआर्ते पलंगाच्या कडेला बसला. हात सहज भिंतीजवळच्या हीटरच्या लोखंडी नळ्यांवर गेला, तर त्या गरम होत्या. कितीतरी आठवड्यांत त्याच्या झोपायच्या जागेजवळ काहीही गरम नव्हतं. त्याला एकदम रडू यायला लागलं. आपल्याला ही खोली किती हवी आहे हे त्याला स्वतःलाही तोवर माहीत नव्हतं.

आफ्केबाई विरघळल्या. पोरगा मनाचा हळवा होता. "हे बघ," त्या म्हणाल्या, "सकाळी हानेके आधी आंघोळीला जाते. तिला घाई करायची नाही."

हानेके ही दुसरी भाडेकरू असणार. "अजिबात नाही," दुआर्ते म्हणाला.

"रविवारी सूप मी करते. आणि सुरुवातीचे काही महिने हे दार तुझं, ते दार तिचं. तू मला जुन्या वळणाची म्हण."

"मला तसंच आवडेल. रात्री मला शांतता लागते."

आफ्केबाईंनी त्याच्या गालावर हात फिरवला. एवढा समजूतदार माणूस आपल्या मुलीला कुठे भेटला असेल, या विचारात त्या बाहेर आल्या, आणि तेवढ्यात पुढचं दार उघडून हानेके आत शिरली.

तिने सगळ्यांना भेटून अभिनंदनाचा फेरा पुरा केला. शेवटी ओला टॉवेल खांद्यावर टाकलेल्या दुआर्तेसमोर आली. "अभिनंदन. तू कुणाचा रे?"

सगळ्यांनी तिच्याकडेच पाहिलं.

"तुझाच ना?" मावशी म्हणाली.

"माझा?" हानेकेने खोलीभर नजर फिरवली. "वुब्बो कुठंय? तो तर कधीच निघाला होता."

"म्हणजे हा तो नव्हे?"

"आई, वुब्बो चोपन्न वर्षांचा आहे. त्याला टक्कल आहे."

"अरेरे," आफ्केबाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं.

"मी खोलीसाठी आलोय," दुआर्ते कसाबसा म्हणाला. "विद्यार्थ्यांच्या घरात. चोवीस, वरचं."

"अरे पोरा, ते शेजारचं दार," शेजारीण म्हणाली, आणि त्याच वेळी डोक्यावर धाडधाड पाय आपटून कुणीतरी टाळ्या पिटल्याचा आवाज आला.

दुआर्ते टॉवेलासकट पळाला. डच जिना म्हणजे नुसती शिडी, तरी दोन-दोन पायऱ्या गाळत तो वर पोचला. मागे हानेके धापा टाकत आली. वर येल्मर नावाच्या लांबुळक्या पोराने दार उघडलं. तो त्या घराचा कारभारी होता.

"खोली?" दुआर्तेने विचारलं.

"उशीर केलास भावा. आत्ताच मत पडलं. एकमताने."

"कुणाला?"

येल्मर बाजूला झाला. सोफ्याच्या मधोमध टाय लावलेला एक टकला गृहस्थ बसला होता. हातात बिअर, डोळे लाल. भोवती पोरं-पोरी त्याला खेटून बसली होती. "हा आमचा वुब्बो," येल्मर अभिमानाने म्हणाला. "बाकीचे सगळे हात हलवत आले. हा फुलं घेऊन आला, आणि आमच्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन म्हणाला, अभिनंदन. असा उमेदवार जन्मात बघितला नव्हता आम्ही. मग तुझा सगळ्यात मोठा दोष कुठला असं विचारलं, तर घटस्फोटाची अख्खी कहाणी सांगितली. मी रडलो यार."

"हानेके," वुब्बो गहिवरून उठला, "किती प्रेमळ आहेत तुझी भाचरं. आणि किती शिस्त. संडास धुवायची पाळीसुद्धा लावून दिली मला. म्हटलं, घर असावं तर असं."

"वुब्बो, आमचं घर खाली आहे."

वुब्बोने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग सावकाश खाली बसला. "फुगे बघून मला खाली लहान मुलांचा वाढदिवस वाटला. म्हणजे परीक्षा अजून व्हायचीच आहे?"

दुआर्तेने येल्मरला बाजूला घेऊन हात जोडले. येल्मरला वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम. मत फिरवता येत नव्हतं. वुब्बोने स्वतः सोडली तर ती खोली युट्रेख्टच्या एका मुलीला जाणार होती, आणि ती बाहेर जिन्यावरच बसून होती. तेलही गेलं, तूपही गेलं. दुआर्ते कोट घ्यायला खाली आला आणि वरची हकीकत त्याने दोन शब्दांत सांगितली. फरशीचं दुकान त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं, त्यातल्या निळ्यापांढऱ्या फरश्यांच्या चळतींसकट.

"कुठे निघालास?" आफ्केबाईंनी विचारलं.

"तंबूत."

"कोट ठेव तिथेच." त्या हानेकेकडे वळल्या. ती वुब्बोला हाताला धरून आत आणत होती. "तुझ्या माणसाला वरच्यांनी ठेवून घेतलं म्हणे."

"आई, तो गैरसमज होता. तू जरा बोल तरी त्याच्याशी."

"बोलून काय करू? वरच्यांनी एकमताने पास केलाय, त्यांच्याहून मी काय जास्त बघणार? राहू दे तिथेच. एका छपराखाली हवा होता ना तुला? छप्पर एकच आहे. मागच्या खोलीत हा राहील."

"आई, ती खोली वुब्बोची आहे."

"ती खोली माझी आहे," आफ्केबाई म्हणाल्या. "आणि ह्याने मोरीची जाळी साफ केली."

हानेकेने मदतीसाठी वुब्बोकडे पाहिलं. वुब्बोने टकलावरून हात फिरवला. "मला चालेल," तो म्हणाला. "खरं सांगू का, ती पोरं फार चांगली आहेत. गुरुवारी लसान्या करणार आहेत." हानेकेने त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने पुढची वाक्यं गिळून टाकली. मावशीने तोवर फळीवरून धुतलेली चादर काढून दुआर्तेच्या हातात दिली होती. ती हातात घेऊन तो पॅसेजमध्ये नुसताच उभा होता. खोली आपल्याला नक्की कुठल्या क्षणी मिळाली, हे त्याला मागे जाऊन शोधूनही सापडत नव्हतं.

पाहुणे निघाले. पीर काकांना कोट चढवायला वुब्बो पुढे झाला. घडलं त्यातलं एक अक्षर काकांच्या कानात शिरलं नव्हतं. एका बाहीत हात घालून झाल्यावर त्यांनी दुसऱ्या हाताने दुआर्तेचा हात घट्ट धरला.

"आमच्या हानेकेला जप हो," ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मनाने सोनं आहे. वयाचं काय घेऊन बसायचं? मला तर तू पहिल्यापासूनच आवडलास."

दुआर्तेने तोंड उघडलं. काकांच्या मागे वुब्बो दुसरी बाही धरून ताटकळत होता. त्याच्यामागे हानेके होती. तिच्याहीमागे आफ्केबाई मागच्या खोलीचं दार उघडून दिवा लावत होत्या. सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचं म्हटलं, तर मध्येच कुणाला तरी खोलीबद्दल शंका आली असती.

"जपतो, काका," दुआर्ते म्हणाला.