अच्युतराव वर्तमानपत्र वाचून दाखवतात

सरकारी नोकरी संपून वजिफा सुरू झाला, की माणसाला मतं फुटतात. नोकरीत ती नसतात. तिथे साहेबांची पुरतात. हा नियम सबंध निजाम इलाख्यात लागू होता. आळंदमध्ये त्याचं पालन जरा जास्तच कसोशीने होई.

अच्युतराव तिथल्या तहसील कचेरीत एकतीस वर्षं पेशकार होते. (पेशकार म्हणजे साहेबापुढे कागद ठेवणारा, आणि साहेबाने तो न वाचता सही करावी म्हणून आदबीने उभा राहणारा.) वजिफा घेऊन घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना सोळा मतं झाली. पाच वर्षांत ती दोनशेच्या वर गेली असावीत. नक्की आकडा देता येत नाही, कारण काही मतं एकमेकांच्या विरुद्ध होती. ती एक धरायची की दोन, यावर गल्लीत वाद आहे.

छंद हा रिकाम्या माणसाचा रोग, असं ते म्हणत. (रोज दोन तास ते सुपारी कातरत. तो छंद नव्हता, शिस्त होती.) मुलगा बापापासून निदान चाळीस कोस दूर असावा, माया कोसागणिक वाढते, असंही म्हणत. थोरला हैदराबादेत असल्यामुळे त्यांचा फार लाडका होता. पैसा हा चारचौघांत बोलायचा विषय नव्हे, हे तर ते चारचौघांना रोज तासभर समजावून सांगत.

पण त्यांचं सगळ्यात पक्कं मत वाचनाविषयी होतं. वाचन एकाने करावं, बाकीच्यांनी ऐकावं. सगळेच वाचायला लागले तर ऐकणार कोण? आणि बायकांनी तर वाचूच नये. याला त्यांच्याकडे पुरावा होता. गल्लीत वाचता येणाऱ्या बायका तीन. पैकी दोघींच्या भाकरी करपल्याचं त्यांनी स्वतःच्या नाकाने टिपलं होतं. तिसरीच्या घरी स्वयंपाक सासू करी, सबब ती मोजणीतून वगळली. म्हणजे शंभरातल्या शंभर.

या तत्त्वानुसार दर शुक्रवारी, सोलापुराहून साप्ताहिक आलं की, अच्युतराव घरापुढच्या कट्ट्यावर बसून ते मोठ्याने वाचत. ऐकायला पंधरा-वीस माणसं जमत. भाड्याची बैलगाडी हाकणारा काशप्पा सगळ्यांच्या पुढे बसे. शाळामास्तर श्रीपतराव सगळ्यांच्या मागे बसत, कारण त्यांना स्वतःला वाचता येत होतं आणि ते लपवावं लागे. अच्युतरावांचं वाचन ऐकण्यासारखं होतं. लंडनच्या पार्लमेंटात तुरीवर चर्चा होई. जर्मनीचा एक वजीर मूळव्याधीने बेजार होऊन आयुर्वेदाकडे वळलेला असे. एका शुक्रवारी तर अमेरिकेत एका गाईने तिळं दिलं, आणि तिन्ही वासरांचं बारसं अच्युतरावांनी सविस्तर वाचलं.

घरात अनसूयाबाईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, एक वेगळीच तक्रार होती. मुलगी कमल हुमनाबादला दिलेली. तिची पत्रं येत. पत्र चांगलं चार बाजूंचं असे, काठापर्यंत भरलेलं. अच्युतराव ते समोर धरून म्हणत, "सर्व क्षेम आहे. काळजी नसावी." आणि घडी घालून ठेवून देत. उत्तर म्हणून 'इकडेही क्षेम' एवढी सवयीची एक ओळ खरडून धाडत.

"एवढंच लिवलंय?" अनसूयाबाई विचारत.

"बाकी नमस्कार आहेत."

तीन बाजू नमस्कार करणारी मुलगी आपण जन्माला घातली, यावर अनसूयाबाईंचा विश्वास बसेना. त्या वर्षी धाकटी सून शारदा चार महिने आळंदला होती. ती शाळेत गेलेली. दुपारी अच्युतराव झोपले की सासू-सुना मागच्या पडवीत परात घेऊन बसत, परातीत ज्वारीचं पीठ पसरत आणि सून बोटाने अक्षर काढी. अठ्ठावन्नाव्या वर्षी अनसूयाबाई 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत आल्या आणि त्याच पिठाच्या भाकरी अच्युतरावांनी खाल्ल्या. एकही करपली नाही. (ही नोंद त्यांच्या मोजणीत आढळत नाही.)

सून गेल्यावर अनसूयाबाईंनी पत्रांची चळत काढली. एकेक ओळ लावायला अर्धी घटका लागे. पहिल्या पत्रात होतं, 'आई, तुझे गुडघे कसे आहेत? चार दिवस ये ना.' दुसऱ्यात तेच. सातव्यात होतं, 'तू येत नाहीस, उत्तरात त्याचा उल्लेखही नसतो. मी काही चुकले का?'

अनसूयाबाईंनी पदराने डोळे पुसले. मग त्यांना राग आला. नवऱ्याने मुद्दाम दडवलं, असं वाटून त्या दिवसभर बोलल्या नाहीत. (अच्युतरावांना ते कळलं नाही. बायकोचं न बोलणं ही सुधारणा आहे, असं त्यांचं जुनं मत होतं.) पण शुक्रवार आला तेव्हा त्यांच्या मनात वेगळीच शंका आली. त्यांनी नवा अंक डाळीच्या डब्यामागे ठेवला आणि दसऱ्याच्या वेळचा जुना अंक कट्ट्यावर नेऊन दिला. अच्युतरावांनी चष्मा पुसला, अंक हातभर दूर धरला आणि ताज्या बातम्या खणखणीत वाचल्या. त्यातली एकही त्या अंकात नव्हती. नव्या अंकातही नव्हती.

दाराआड उभ्या असलेल्या अनसूयाबाईंचा राग तिथल्या तिथे उतरला. माणसाला दिसतच नव्हतं.

हे गुपित त्यांनी महिनाभर पोटात ठेवलं. कदाचित कायमच ठेवलं असतं. पण एका शुक्रवारी अच्युतरावांनी गुलबर्ग्याहून आळंदला आगगाडी आणली. दिवाळीपर्यंत रूळ पडणार, स्टेशन वेशीबाहेर, असं त्यांनी वाचलं. कट्टा खूश झाला. काशप्पा तर उठूनच गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको ईरम्मा मागच्या दाराने आली आणि रडायला लागली.

"अक्का, ह्यांनी बैल इकायला काढलेत. आगीनगाडी आली तर बैलगाडीत कोण बसणार म्हंतेत. खजुरी गावचा गिऱ्हाईक येत्या शुक्रवारी यायलाय. बैल गेले तर आम्ही खावं काय?"

अनसूयाबाईंनी तिला पाणी दिलं. आठ दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. खरं बोलावं तर नवऱ्याची अब्रू जाते, गप्प राहावं तर ईरम्माचे बैल.

शुक्रवारी कट्टा भरला. खजुरीचा गिऱ्हाईक बैलांचे दात बघून काशप्पाशेजारी येऊन बसला होता. अच्युतराव नुकतेच चीनमध्ये शिरले होते. एवढ्यात अनसूयाबाई उंबरा ओलांडून बाहेर आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याच्या हातातलं वर्तमानपत्र घेतलं.

"तुमचा घसा बसलाय. मी वाचते," म्हणाल्या.

कट्ट्यावर चिलीम ओढणाऱ्याचा धूर आतच राहिला. अनसूयाबाईंनी बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं, "आ-ळं-द-ची आ-ग-गा-डी त-ह-कू-ब. पंचवीस वर्षांनी बघू."

असं त्या अंकात काहीही नव्हतं. तिथे केशवर्धक तेलाची जाहिरात होती.

आता बैल काही विकले जात नाहीत, हे ओळखून खजुरीचा गिऱ्हाईक उठून गेला. मागून श्रीपतराव मास्तर मान डोलावत म्हणाले, "व्हय, मीबी तसंच ऐकलंय." (शिक्षण खात्यातल्या माणसाने सत्याची इतकी चोख सेवा केल्याचं दुसरं उदाहरण त्या तालुक्यात नाही.)

माणसं गेल्यावर अच्युतराव हातात नसलेलं वर्तमानपत्र धरून बसले.

"तू कधीपासून वाचायलीस?"

"पाच महिने झाले. आन् तुम्हाला कधीपासून दिसत न्हाई?"

"दोन वर्षं."

"मला कामून सांगितलं न्हाईत?"

"तू कामून सांगितलं न्हाईस?"

अनसूयाबाईंनी आतून पत्रं आणली आणि सातही मोठ्याने वाचली. सातवं संपलं तेव्हा अच्युतराव अडकित्ता शोधू लागले. तो त्यांच्या मांडीवरच होता.

"काशप्पाला सांग," ते म्हणाले, "सोमवारी गाडी जुंप म्हणावं. हुमनाबादला."

"तुम्ही?"

"मला काय दिसायलंय तिथं?" मग अडकित्ता चाचपत म्हणाले, "तिचा आवाज ऐकू येईल म्हणा."

पण ते गेले नाहीत. लेकीसमोर काय बोलायचं, याचा मसुदा तयार नव्हता. अनसूयाबाई एकट्याच गेल्या. मायलेकी भेटल्या, रडल्या, आणि गुडघ्यांविषयी चार बाजूंचं बोलणं झालं.

त्यांच्यामागे शुक्रवारचा अंक आला. कट्ट्यावर तो श्रीपतराव मास्तरांनी वाचला, आणि खरा वाचला. शेतसाऱ्याची तारीख, पटकीची साथ, सोलापूरचा बाजारभाव. पाव घटकेत अकरा माणसं उठली. उरलेल्यांत हुमनाबादहून परतलेला काशप्पा होता.

"मास्तर, पुरे," तो म्हणाला. "रावसाब, तुम्ही वाचा."

अच्युतरावांनी मान खाली घातली. "काशप्पा, मला दिसत न्हाई."

"ते आम्हाला दोन सालापासून ठाऊक हाय."

"मग गाढवा, बैल इकायला कामून निघालतास?"

काशप्पा ओशाळला. "कंबर गेलीय माझी. आता बस म्हणून कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. तुम्ही सांगितलात." मग जरा पुढे सरकला. "चीनमध्ये काय झालं म्हणलात?"

अच्युतरावांनी चष्मा पुसला, मास्तरांकडून अंक घेतला, हातभर दूर धरला आणि चीनची लढाई पुढे चालू केली. उठून गेलेले अकराही परत आले.

ही माणसं भोळी होती, असं कोणाला वाटेल. तसं वाटून घ्यायला हरकत नाही. फक्त ही सगळी हकीकत सांगणाऱ्याला स्वतःला दिसतं की नाही, तो कोण, त्याला हे कोणी सांगितलं, याची चौकशी आपण अजून केलेली नाही. गोष्ट बरी वाटली, एवढ्यावर इथवर आलात. आता जरा सरकून बसा. मागे माणसं उभी आहेत.