सुनावणीच्या कामी योग्य इअरफोनची निवड

डोळ्यांना पापण्या आहेत, तोंडाला ओठ आहेत, नाकाला वेळप्रसंगी रुमाल आहे. कानांना मात्र झाकण द्यायचं राहून गेलं. एवढ्या मोठ्या निर्मितीत एखादी बाब नजरचुकीने राहणं समजण्यासारखं आहे (आमच्या कार्यालयात तर ती राहतेच), पण तिची दुरुस्ती कुणी करायची, हा प्रश्न आजवर कुठल्याच खात्याने अंगावर घेतला नव्हता. तो आमच्या कक्षाने घेतला आणि तडीस नेला. निवड समितीचा सदस्य सचिव या नात्याने मला त्याचा रास्त अभिमान आहे.

आमचा कक्ष म्हणजे सरकारी वसाहतीतल्या घरांच्या तक्रारींचा सुनावणी कक्ष. तळमजल्यावर एक लांबट खोली, तिच्यात तीन टेबलं, एक पंखा आणि समोर नागरिकांसाठी बाक. एका टेबलावर मी. दुसऱ्यावर माझा सहकारी, ज्याला सगळे तबलजी म्हणतात, कारण त्याची बोटं टेबलावर कायम वाजत असतात. तिसऱ्या टेबलापुढे पडदा आहे आणि पडद्यामागे साहेब असतात, असं मानण्याची पद्धत आहे. दाराशी स्टुलावर शिपाई. नागरिक आत येतात, बाकावर बसतात आणि बोलतात. आम्ही ऐकतो. म्हणजे पूर्वी ऐकत असू.

ऐकण्याचे दुष्परिणाम किती भयंकर असतात, हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. पूर्वी इथे चौथं टेबल होतं. त्यावरच्या गृहस्थाने एका आजींची नळाच्या गळतीची तक्रार इतकं मन लावून ऐकली, की संध्याकाळी वाट वाकडी करून तो त्यांच्या घरी गेला आणि स्वतःच्या हाताने नळाला वायसर बसवून आला. आजींनी चार घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाकापासून फाटकापर्यंत रांग. दुरुस्ती विभागाने विचारणा केली, की आमचं काम आपण कोणत्या अधिकारात केलंत? (दुरुस्ती विभागाने ते काम हाती घेतलं नव्हतं हे खरं, पण ते हाती न घेण्याचा अधिकार त्यांचाच होता.) गृहस्थाची बदली झाली, टेबल गोदामात गेलं. एका वायसरने होत्याचं नव्हतं केलं.

साहेबांनी रोगाचं निदान अचूक केलं. "ऐकलं की माणूस गुंततो," ते म्हणाले. "गुंतला की काहीतरी करून बसतो. आणि केलं की चौकशी लागते. म्हणजे मूळ कुठे आहे?"

"ऐकण्यात," तबलजी म्हणाला.

"मग घाव तिथेच घालायला नको?"

यावर मी नियमाची आठवण करून दिली, कारण तेच माझं काम आहे. साहेबांनी नियम उघडून माझ्यापुढे ठेवला. "वाचा. 'प्रत्येक तक्रारदारास सुनावणी द्यावी.' द्यावी म्हटलंय. 'ऐकावं' असं कुठे दिसतं का? दाखवा मला." मी दोनदा वाचलं. नव्हतं.

माझ्यापुरतं सांगायचं, तर निर्णय अगदी वेळेवर झाला, कारण मलाही लागण झाली होती. आमच्याकडे नागरिकांना त्यांच्या तक्रारीच्या नावाने ओळखतात. गळतीवाले, गटारवाले, शेजाऱ्याचा कुत्रावाले. तशा एक होत्या जिन्याच्या बाई. घरी शिवणकाम करायच्या, तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्या जिन्याचा कठडा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खिळखिळा झाला होता. सासऱ्यांना दिसत नव्हतं आणि ते रोज सकाळी तोच कठडा धरून खाली उतरायचे.

"मी सासऱ्यांना किती सांगते साहेब, की दादा, नका उतरू," बाई मला म्हणाल्या होत्या. "तर म्हणतात, उन्हात बसू दे गं घटकाभर. दिसत नसलं तरी ऊन लागतं ना मला. आता त्यांना काय कोंडून घालू?"

हे ऐकलं आणि मला जेवण गोड लागेना. स्वतःच्या घरचा जिना चढताना मी नकळत कठडा हलवून पाहू लागलो. एकदा तर हार्डवेअरच्या दुकानासमोर थबकलो. वायसरवाल्याची सुरुवात अशीच झाली होती.

तेव्हा कर्मचारी कल्याण या सदराखाली प्रत्येकाला गाणी वाजवणारं एक छोटं यंत्र आणि इअरफोन द्यायचं ठरलं. निवडीसाठी समिती नेमली. अध्यक्ष साहेब, सदस्य सचिव मी, तज्ज्ञ सदस्य तबलजी. (त्याने लग्नाआधी वर्षभर तबल्याचा क्लास केला होता. त्याने क्लास सोडला की क्लासने त्याला, याबद्दल मतभेद आहेत.)

लोक यंत्र निवडायला जातात आणि दुकानदाराला विचारतात, आवाज कसा आहे? आमचा प्रश्न वेगळा होता. बाहेरचा आवाज किती येतो? या दृष्टीने आम्ही इअरफोनचे सगळे प्रकार तपासले. सबंध कान झाकणारे, टोपल्यांसारखे असतात, ते शांततेच्या बाबतीत अव्वल ठरले. पण ते घालून तबलजी बसला, तेव्हा समोरच्या नागरिकाला वाटलं की याच्या कानाची तपासणी चालू आहे, आणि तो मदत म्हणून ओरडून बोलू लागला. बिनवायरचे, शेंगदाण्याएवढे, त्यातला एक माझ्या चहात गेला. दुसरा बाकाखाली घरंगळला. तो एका प्रामाणिक नागरिकाने "साहेब, तुमचं कानाचं मशीन पडलं" म्हणत आणून दिला आणि वसाहतभर सांगितलं, की बिचाऱ्याला ऐकू येत नाही, तरी कामावर येतो. पुढचे काही दिवस लोकांनी माझ्याकडे फक्त दयेने पाहिलं, तक्रार कुणी केली नाही. परिणाम उत्तम होता, पण हा प्रकार कार्यालयाच्या प्रतिष्ठेला धरून नसल्यामुळे नाकारावा लागला.

शेवटी कानाच्या आत जाणारे, रबरी बोंडाचे इअरफोन पसंत पडले. वायर बारीक, कॉलरच्या आतून जाणारी. अंतिम चाचणीत उमेदवाराच्या पाठीमागे उभं राहून शिपायाने "आग! आग!" असं जिवाच्या आकांताने ओरडायचं होतं. ज्या इअरफोनात उमेदवाराने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, त्याला दहापैकी दहा. (शेजारच्या कार्यालयातले सर्वजण बाहेर धावले. त्यांच्याकडे अजून ही सोय नाही.)

यंत्राच्या अटी कडक होत्या. ते शर्टाच्या खिशात मावावं आणि न पाहता अंगठ्याने चालवता यावं. त्यावर दिवा नसावा, कारण छातीशी उजेड दिसला की लोकांना वेगळीच शंका येते. मोबाइल आहेच की, त्यावर गाणी लावा, असं कुणी सुचवेल. पण मोबाइल वाजतो, आणि मग घरच्यांचं ऐकावं लागतं. स्वतःचा आवाज असलेलं यंत्र मात्र मुळीच नको, हे आम्ही अनुभवाने शिकलो. एक गृहस्थ लाऊडस्पीकरच्या त्रासाबद्दल बोलत असताना तबलजीची वायर निसटली आणि खिशातून द्रुत लयीतलं गाणं फुल आवाजात बाहेर पडलं. गृहस्थ उडालेच. "हेच! हेच गाणं!" ते ओरडले. कक्षाने एखाद्या तक्रारीची इतकी तातडीने पडताळणी केल्याचं हे एकमेव उदाहरण आहे.

यंत्र आणलं म्हणजे झालं असं नाही. त्यात घालायचं काय? इथे तबलजीच्या ज्ञानाचा उपयोग झाला. द्रुत लयीत मान भराभर हलते आणि ती होकारासारखी दिसते. होकार दिला की काम करावं लागतं, म्हणून द्रुत बाद. अगदी विलंबित लयीत मान एकदा खाली गेली की वर यायचं नाव घेत नाही. ही आमची पूर्वीची पद्धत होती आणि तिच्याबद्दल वर्तमानपत्रात आलं होतं. मध्य लयीत मात्र मान सावकाश, जड, जाणत्या माणसासारखी हलते. समोरच्याला वाटतं, याला माझं दुःख कळलं. करुण गाणं असेल तर डोळ्यांत पाणीही येतं. एका गटारवाल्यांनी तर माझी स्थिती पाहून माझाच हात हातात घेतला, "जाऊ द्या हो साहेब, एवढं काही नाही, होतं असं," म्हणाले (हे शिपायाने नंतर सांगितलं) आणि तक्रार मागे घेऊन निघून गेले.

योजना सुरू झाली आणि कक्षाचा कायापालट झाला. सुनावण्या तिप्पट झाल्या. माझी भूक परत आली. पाहणी केली, तेव्हा शंभरातले एक्क्याण्णव नागरिक म्हणाले, की "काम नाही झालं, पण माणसं शांतपणे ऐकून घेतात." उरलेले नऊजण काय म्हणाले ते नोंदवता आलं नाही, कारण त्या वेळी गाणं चालू होतं. दुसऱ्या शहरांतली पथकं आमचं काम पाहायला येऊ लागली. आम्ही त्यांचे प्रश्नही त्याच पद्धतीने घेतले. ती खूश होऊन गेली.

जिन्याच्या बाई येत राहिल्या. पण आता त्यांचं बोलणं मला सोसू लागलं. त्या बोलता बोलता हवेत कठडा धरल्यासारखा हात करून तो हलवून दाखवत, आणि तो हात माझ्या गाण्याच्या ठेक्याशी इतका सुरेख जुळायचा, की मी त्यांच्या येण्याची वाट पाहू लागलो. तक्रारदार आणि अधिकारी यांच्यात असा सलोखा क्वचितच पाहायला मिळतो.

या सगळ्यात एकच माणूस योजनेबाहेर होता, तो म्हणजे शिपाई. त्याच्या श्रेणीला यंत्र अनुज्ञेय नाही. त्याचं काम ऐकण्याचं नसून हाक मारल्यावर उठण्याचं आहे. (हाक आता कुणी मारत नसे, त्यामुळे तो बसूनच असे.) आम्ही तिघांनी ऐकायचं थांबवल्यावर ते सगळं कुठेतरी जाणारच होतं, ते दाराशी त्याच्यापाशी जमा होत गेलं. हे आमच्या लक्षात आलं नाही.

मग एके दिवशी जिन्याच्या बाई येऊन तबलजीपुढे बसल्या. हात हलवला नाही. हात मांडीवर होते. दोन-तीन वाक्यंच बोलल्या असाव्यात. तबलजीच्या कानात एक बंदिश ऐन रंगात आली होती, तान फिरत फिरत नेमकी समेवर उतरली, आणि मंजूर पद्धतीने मान हलवण्याऐवजी त्याच्या तोंडून, मोठ्याने, अगदी मनापासून निघून गेलं, "वा! वाहवा!"

मी शेजारच्या टेबलावरून दुजोरा दिल्यासारखी मान डोलावली. माझी मध्य लय चालू होती.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. उठल्या आणि गेल्या. शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावला आणि भरलेला ग्लास घेऊन परत आला. मग त्याने आधी तबलजीच्या आणि मग माझ्या एका कानातलं बोंड ओढून काढलं, जे शिस्तीला सोडून होतं, आणि म्हणाला, "ती काय बोलली माहितीये? म्हणाली, कठडा आता लावू नका साहेब. ज्यांच्यासाठी मागत होते ते त्याच वळणावर पडले. परवा गेले."

कार्यालयीन दृष्टीने पाहिलं तर तक्रारदाराने मागणी स्वतःहून मागे घेतली होती. मी तशी नोंद केली. मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. पण तेवढ्यात पुढचं गाणं लागलं.

समितीची तातडीची बैठक झाली. दोष यंत्राचा नाही आणि इअरफोनचा तर मुळीच नाही, हे निर्विवाद सिद्ध झालं. दोष गाण्याचा होता. ज्याला दाद द्यावीशी वाटेल इतकं चांगलं गाणं यापुढे कार्यालयीन वेळेत लावू नये, असा ठराव झाला. तबलजी बैठकीला होता, पण त्याची बोटं वाजत नव्हती. आठवड्याभरात त्याने नोकरी सोडली. हल्ली तो वसाहतीत जिन्याजिन्याने कठडे हलवून पाहत फिरतो, असं कळतं. कोणत्या अधिकारात, ते दुरुस्ती विभाग बघून घेईल.

दुसऱ्या दिवशी शिपाई पडद्यापाशी जाऊन उभा राहिला. "साहेब, मलापण एक द्या."

"तुझ्या श्रेणीत बसत नाही ते."

"बसत नसू दे. मला आता ऐकवत नाही."

साहेब कठोर नाहीत. त्यांनी खास बाब म्हणून मंजुरी दिली. आता कक्षात पूर्ण शांतता असते. फक्त बाकावरून आवाज येत असावा, असं ओठांवरून वाटतं.

वाचकहो, इथवर वाचताना आपण मान हलवत होता. आमच्यावर चिडलातही असाल; ते स्वाभाविक आहे. पण मघाशी, तुम्ही वाचत असताना, घरातलं कुणीतरी तुमच्यापाशी येऊन काहीतरी बोललं, आणि तुम्ही नजर न उचलता "हं" म्हणालात. त्यावर ते क्षणभर थांबलं आणि आत गेलं. आता आठवून बघा, काय म्हणालं होतं? राहू द्या, विचारायला जाऊ नका. ऐकलं नव्हतंत हे उघड होईल. मात्र यंत्र नाही, इअरफोन नाही, नुसत्या उघड्या कानांनी हे साधणं ही दुर्मीळ गुणवत्ता आहे. तबलजीची खुर्ची रिकामीच आहे. सोमवारपासून या.